सैन्य गेले, गाव राहिले



डंकर्क हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले आहे. फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जमच्या सरहद्दीजवळ हे बंदर आहे. १९४० सालच्या मे अखेरीस तेथे कोंडले गेलेले इंग्रज आणि फ्रेंच सैन्य समुद्रमार्गे सोडवून नेण्यात आले. ही हकीकत पुस्तकांतून आणि चित्रपटांतून पुष्कळदा सांगितली गेली आहे. ती शौर्याची आहे, यात शंका नाही. पण बहुतेक वेळा ती ४ जून १९४० या तारखेला संपते. शेवटचे जहाज डोव्हरला लागते आणि पडदा पडतो. धक्क्यावर जे मागे राहिले त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आज ती चौकशी करावी, असा आमचा विचार आहे.

आम्ही विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. आमचे वाचन झाले ते सभा आटोपल्यावर युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. सेनापतींच्या डावपेचांविषयी अधिकारवाणीने बोलणे आम्हांला शोभणार नाही. परंतु कारखाना बंद पडतो, मालक यंत्रे उचलून दुसरीकडे जातो आणि कामगार मात्र त्याच गेटाशी, त्याच चाळीत राहतो, हे आम्ही गेल्या तीस वर्षांत अनेकदा पाहिले आहे. पराभूत राष्ट्राची अवस्था समजून घेताना हा अनुभव थोडाफार कामी येतो, एवढेच आमचे भांडवल.

प्रथम सैन्याची हकीकत पाहू. १० मे १९४० रोजी जर्मनीने पश्चिमेकडे चढाई केली. फ्रेंच आणि इंग्रज फौजा बेल्जममध्ये पुढे सरकल्या; आणि जो अरण्यमय आर्देनचा प्रदेश रणगाड्यांना अवघड म्हणून हलक्या बंदोबस्तावर सोडला होता, नेमका तेथूनच जर्मन रणगाडे आत घुसले. २० मे रोजी ते सोम नदीच्या मुखाशी समुद्राला भिडले. उत्तरेकडच्या फौजा एका पिशवीत सापडल्या. २४ मे रोजी डंकर्कच्या जवळ आलेल्या रणगाड्यांना थांबण्याचा हुकूम झाला. सेनापती रुंडश्टेटचे मत तसे होते आणि हिटलरने त्यावर शिक्कामोर्तब केले. दोन-तीन दिवसांची ही उसंत मोलाची ठरली. २५ मे रोजी इंग्रज सेनापती लॉर्ड गॉर्ट याने दक्षिणेकडे प्रतिहल्ला करण्याचा बेत सोडून सैन्य समुद्राकडे वळवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, डोव्हरच्या कड्याखालील भुयारांत बसलेल्या अ‍ॅडमिरल रॅम्सेच्या हाती ही मोहीम सुरू झाली. तिचे नाव ‘डायनॅमो’.

पहिल्या दिवशीचे काम निराशाजनक होते. २७ मे रोजी इंग्लंडला पोचले जेमतेम साडेसात हजार सैनिक. त्याच दिवशी जर्मन विमानांनी डंकर्क शहरावर प्रचंड बाँबफेक केली. गोद्या पेटल्या आणि शेकडो नागरिक ठार झाले. किनारा उथळ असल्याने मोठी जहाजे जवळ येऊ शकत नव्हती. तेव्हा कॅप्टन टेनंट या नौदल अधिकाऱ्याची नजर बंदराच्या तोंडाशी असलेल्या पूर्वेकडील लांबलचक बांधावर गेली. लाटा अडवण्यासाठी बांधलेला हा बांध. वर माणसे जाण्यापुरती लाकडी वाट. जहाजे त्याला लावायची सोय मुळातच नव्हती. तरीही टेनंटने एक जहाज लावून पाहिले, आणि ते जमले.

लहान होड्यांची गोष्ट जगभर गाजली आहे. मासेमारीच्या बोटी, हौसेच्या नावा, नदीवरचे पडाव चॅनेल ओलांडून आले, हे खरे आहे. आणि किनाऱ्यावरील माणूस खोल पाण्यातील जहाजापर्यंत पोचवायला त्यांचा फार उपयोग झाला. पण हिशेब पाहिला तर खुल्या किनाऱ्यावरून उचललेले सुमारे ९९ हजार, आणि बंदरातून, मुख्यत्वे त्या बांधावरून, चढलेले सुमारे २ लाख ३९ हजार. एकूण ३,३८,२२६. त्यांतले १ लाख ९८ हजारांहून अधिक इंग्रज, आणि सुमारे १ लाख ४० हजार फ्रेंच व इतर मित्रराष्ट्रीय. मागे टाकलेले सामान अफाट होते: सुमारे अडीच हजार तोफा आणि साठ हजारांहून अधिक वाहने. ४ जून रोजी पार्लमेंटात बोलताना खुद्द चर्चिलने बजावले की, या सुटकेला विजय समजण्याची चूक करू नका.

या गर्दीत आपल्याकडचीही माणसे होती. १९३९ च्या डिसेंबरात मुंबई बंदरातून हिंदी सैन्याच्या चार खेचर-कंपन्या फ्रान्सला रवाना झाल्या होत्या. बर्फात आणि चिखलात मोटारी अडतील तेथे खेचरांनी सामान वाहावे, हा हेतू. हाकणारे जवान बहुतांशी पंजाबी मुसलमान होते. त्यांतले काही डंकर्कहून इंग्लंडला गेले, खेचरे मागेच सोडावी लागली, आणि एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली. डंकर्कच्या प्रचलित कथेत त्यांना फार काळ जागा मिळाली नाही.

आता जे राहिले त्यांच्याकडे वळू. लील शहराभोवती फ्रेंच पहिल्या सैन्याचा मोठा भाग ३१ मेपर्यंत लढत राहिला आणि त्याने कित्येक जर्मन डिव्हिजन तेथे गुंतवून ठेवल्या. डंकर्कच्या वाटेवर पडू शकला असता असा केवढा तरी भार लीलमध्ये अडकला. मग ते सैन्य शरण गेले. खुद्द डंकर्कच्या तटबंदीवर शेवटचे दिवस फ्रेंचांनीच सांभाळले. प्रारंभी जहाजांत बहुतेक जागा इंग्रजांना मिळाली, यावरून दोन मित्रांत कडवटपणा आला. तेव्हा ३१ मे रोजी पॅरिसच्या बैठकीत चर्चिलने दोन्ही सैन्ये बरोबरीने निघतील असे सांगितले, आणि शेवटच्या रात्रींत आलेली जहाजे मुख्यत्वे फ्रेंचांसाठीच आली. ३ जूनच्या रात्री सव्वीस हजारांवर फ्रेंच सैनिक निघाले. पण पिछाडी सांभाळून जे सर्वांत शेवटी बांधाकडे आले, त्यांना तेथे वेगळीच गर्दी आढळली. दिवसेंदिवस तळघरांत दडून बसलेले चुकार शिपाई आधीच पुढे होऊन उभे होते. लढणारा मागे राहिला आणि लपलेला जहाजात बसला! पहाटे जहाजे सुटली तेव्हा सुमारे चाळीस हजार फ्रेंच सैनिक तेथेच राहिले व कैद झाले.

जे इंग्लंडला पोचले, त्या फ्रेंचांचे तरी काय झाले? त्यांतील बहुतेकांना थोड्याच दिवसांत नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या बंदरांतून पुन्हा फ्रान्समध्ये उतरवण्यात आले, कारण लढाई अजून चालू होती. दोन-तीन आठवड्यांत ती संपली, आणि त्यांतले पुष्कळसे समुद्र दोनदा ओलांडून शेवटी बंदिवान झाले.

१४ जून रोजी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. १६ जूनला पंतप्रधान रेनो पायउतार झाला आणि पहिल्या महायुद्धाचा वीर, ८४ वर्षांचा मार्शल पेतँ सत्तेवर आला. २२ जून रोजी काँप्येन्यच्या रानात तहकुबीच्या करारावर सह्या झाल्या. १९१८ साली जर्मनीने ज्या रेल्वेच्या डब्यात हार मान्य केली होती, तोच डबा हिटलरने मुद्दाम तेथे आणवला होता. देशाचा सुमारे तीन-पंचमांश भाग जर्मन अंमलाखाली गेला. दक्षिणेत व्हिशी या गावी पेतँचे सरकार बसले. पंधरा लाखांहून अधिक फ्रेंच सैनिक जर्मनीच्या छावण्यांत नेण्यात आले, आणि तह होईपर्यंत त्यांनी तेथेच राहावे, असे कलम करारातच होते.

जर्मन फौजेचा खर्चही फ्रान्सने द्यावयाचा होता. हा खर्च दिवसाला दोन कोटी मार्क, म्हणजे ४० कोटी फ्रँक. एका मार्काला २० फ्रँक हा दर जर्मनीने ठरवला आणि मार्काचे मोल त्यात मुद्दाम फुगवले. या पैशांनी जर्मन अधिकारी बाजारात जाऊन रीतसर खरेदी करीत. धान्य, लोणी, कापड, यंत्रे, सर्वांची पावती मिळे. आणि ज्या नोटा देऊन ती खरेदी होई, त्या फ्रान्सच्याच तिजोरीतून आलेल्या असत. दादाभाई नवरोजींचा ‘होमचार्जेस’चा हिशेब ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. आपल्या मानेवर बसणाऱ्याचा पगार आपणच भरायचा, हा अनुभव या देशाने फार दीर्घकाळ घेतला होता. परिणाम ताटात दिसू लागला. १९४१ मध्ये सामान्य प्रौढ फ्रेंच माणसाला दिवसाला २७५ ग्रॅम पाव मिळे. कोळसा, साबण, चामडे दुर्मीळ झाले.

पराभव झाला की दोषी शोधावा लागतो. व्हिशी सरकारने तो कामगारांत शोधला. १९३६ साली लेओँ ब्लुम याच्या नेतृत्वाखाली पॉप्युलर फ्रंटचे सरकार आले होते. त्या उन्हाळ्यात देशभर संप झाले आणि कामगारांना ४० तासांचा आठवडा व वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पुष्कळ कुटुंबांनी त्या वर्षी प्रथमच समुद्र पाहिला. आता पेतँने सांगितले की, राष्ट्र बुडाले ते सुखाच्या हव्यासाने. प्रजासत्ताकाचे ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे ब्रीद काढून तेथे ‘काम, कुटुंब, मातृभूमी’ हे शब्द आले. कामाला पहिला मान. आणि त्याच वर्षी काम करणाऱ्यांच्या केंद्रीय संघटना बरखास्त! ज्या मंत्र्याच्या हातून हे झाले, तो रने बलँ काही मालकांचा माणूस नव्हता. युद्धापूर्वी तो फ्रान्समधील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचा वरिष्ठ पदाधिकारी होता. हे सांगताना आम्हांला आनंद होत नाही, परंतु ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसरीकडे, १५ नोव्हेंबर १९४० रोजी बारा कामगार पुढाऱ्यांनी जाहीरनामा काढून संघटना-स्वातंत्र्याचा आणि वंशद्वेष नाकारण्याचा पुकारा केला. एकाच चळवळीतून बलँही निघाला आणि हे बाराही निघाले.

दोष देण्याच्या या उद्योगाचा शेवट १९४२ च्या फेब्रुवारीत रियोँ या गावच्या खटल्यात झाला. आरोपींत ब्लुम आणि माजी पंतप्रधान दालादिए होते. न्यायालयाने १९३६ पासूनच्याच घटना तपासाव्यात अशी योजना होती. कारण त्याआधी, १९३४ साली, खुद्द पेतँ युद्धमंत्री होता. ब्लुम आणि दालादिए यांनी त्या पिंजऱ्याचेच व्यासपीठ केले. सैन्यावरील खर्च पेतँच्या काळात कापला गेला आणि शस्त्रांचा मोठा कार्यक्रम पॉप्युलर फ्रंटने हाती घेतला, हे त्यांनी कागदोपत्री मांडले. एप्रिलमध्ये खटला गुंडाळावा लागला. एवढ्याने ४० तासांच्या आठवड्याचा उत्पादनावर काहीच परिणाम झाला नसेल असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण आर्देनमधून रणगाडे घुसले ते कामगाराच्या रजेतून नव्हेत, सेनापतींच्या अंदाजातून घुसले, एवढे तरी निश्चित आहे.

आता आम्ही आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. डंकर्कच्या आग्नेयेला, फारसे दूर नाही अशा अंतरावर, उत्तर फ्रान्सचा कोळशाचा पट्टा आहे. देशाचा निम्म्याहून कितीतरी अधिक कोळसा तेथून निघे. याच पट्ट्यात १९०६ साली कूरिएरच्या खाणीत एका स्फोटात १,०९९ माणसे मेली होती. युद्धानंतर जर्मनांनी हा प्रदेश उरलेल्या फ्रान्सपासून तोडून ब्रुसेल्समधील लष्करी कारभाराला जोडला. १९४१ च्या आरंभी खाणीतील पाळी पगार न वाढवता अर्ध्या तासाने लांबवण्यात आली. मजुरी मोजण्याची जुनी, नकोशी झालेली पद्धत परत आणण्याचा प्रयत्न झाला. खाणीतून वर येणाऱ्या काळ्या अंगाला धुवायला साबण नव्हता, आणि डब्यात पुरेसा पाव नव्हता.

२७ मे १९४१ रोजी ‘दाओमे’ नावाच्या खाणीत मिशेल ब्रुले आणि त्याच्या सोबत्यांनी काम थांबवले. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, डंकर्क जळत होते. संप एका खाणीतून दुसरीत असा सरकत गेला आणि आठवड्याभरात सुमारे एक लाख खाणकामगार त्यात उतरले. फ्रेंच होते, तसे मोठ्या संख्येने पोलंडहून आलेलेही होते. मागण्या पाहा: मजुरी, अन्न, साबण. कोणताही मोठा शब्द नाही. परंतु तो कोळसा जर्मनीच्या युद्धासाठी जात होता, आणि संप करणाऱ्याला व फोडणाऱ्याला दोघांनाही ते माहीत होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला तो २२ जूनला. कम्युनिस्ट रशियावरील हल्ल्यानंतरच जागे झाले, असे सरसकट म्हटले जाते. खाणीतील कम्युनिस्ट कार्यकर्त्यांपुरते तरी ते खरे नाही. त्यांचा संप त्याआधीच होऊन गेला होता.

बायका पुढे झाल्या. कामावर जाणाऱ्यांना अडवायला त्या खाणीच्या वाटेवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोर्चे काढले. त्यांचे नेतृत्व करणाऱ्यांत एमिलियेन मोप्ती ही खाणकामगाराची बायको होती. संप मोडायला लीलचा जर्मन सेनापती नीहॉफ याने सभाबंदी केली, कॅफे व सिनेमागृहे बंद केली, शेकडोंना अटक केली. दोनशेहून अधिक खाणकामगार जर्मनीतील साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत पाठवले गेले. त्यांतील निम्म्याच्या आसपास परतले नाहीत. ब्रुलेला १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. मोप्तीचा १९४३ च्या जानेवारीत कोलोन येथे शिरच्छेद झाला. ९-१० जूनच्या सुमारास संप संपला. जर्मनीचा सुमारे पाच लाख टन कोळसा बुडाला होता; आणि ज्या मागण्यांसाठी माणसे गेली त्यांतील बऱ्याचशा, म्हणजे मजुरीत वाढ, जादा अन्न, साबण, कामाचे कपडे, थोड्याच दिवसांत पदरात पडल्या.

या संपाने युद्धाचा निकाल बदलला, असा आमचा दावा नाही. पण प्रश्न असा आहे की, सैन्य गेल्यावर, सरकार शरण गेल्यावर, संघटनेवर बंदी आल्यावर माणसाच्या हाती काय उरते? बंदूक नाही, वर्तमानपत्र नाही, मत नाही. दोन हात उरतात आणि ते काम करतात किंवा करीत नाहीत. जेत्याला राष्ट्र जिंकून भागत नाही. ते चालवावे लागते. कोळसा काढणारा, इंजिन हाकणारा, टाइप करणारा त्याला रोज सकाळी लागतो. म्हणूनच ही माणसे दुबळी असूनही निर्णायक असतात.

याची दुसरी बाजूही आमच्या श्रोत्यांपासून आम्ही लपवणार नाही. १९४२ च्या १६ आणि १७ जुलै रोजी पॅरिसमध्ये सुमारे तेरा हजार यहुदी बायका, पुरुष व मुले पकडली गेली. पकडणारे पोलीस फ्रेंच होते. युद्धकाळात फ्रान्समधून सुमारे ७६ हजार यहुद्यांना मृत्यूच्या छावण्यांकडे नेण्यात आले. परतले ते जेमतेम अडीच हजार. सरहद्दीपर्यंत त्या गाड्या फ्रेंच रेल्वेच्या कामगारांनी चालवल्या. याच रेल्वेच्या कामगारांनी पुढे शेकडो ठिकाणी रूळ उखडले, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये संप करून पॅरिसच्या मुक्तीला हातभार लावला, हेही खरे. पण त्या गाड्या गेल्या. १९४२ मध्ये मोंतोबाँ येथे लेओँ ब्रोन्शार नावाच्या इंजिनचालकाने कैद्यांची गाडी हाकायला साफ नकार दिला. असा नकार इतका विरळा की त्याचे एकट्याचे नाव घ्यावे लागते. हात आवरण्याची ताकद असणे आणि कोणासाठी आवरायचे हे कळणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. आपल्या पगारासाठी संप करणारा कामगार परक्या माणसाच्या जीवासाठी करतोच असे नाही. चळवळीने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि तो केवळ फ्रेंच नाही.

१९४२ च्या जूनमध्ये पंतप्रधान लाव्हालने सौदा जाहीर केला: तीन कुशल कामगार जर्मनीला पाठवा, एक युद्धकैदी परत मिळेल. लोक पुरेसे गेले नाहीत, म्हणून १६ फेब्रुवारी १९४३ रोजी सक्तीचा कायदा झाला. सहा लाखांहून अधिक कामगार जर्मन कारखान्यांत नेले गेले. पण हजारो तरुण बोलावणे येताच डोंगरांत आणि शेतमळ्यांत नाहीसे झाले, आणि सशस्त्र प्रतिकाराला त्यांच्यातूनच माणसे मिळाली. २७ मे १९४३ रोजी, पुन्हा तीच तारीख, झाँ मूलँच्या अध्यक्षतेखाली पॅरिसमध्ये प्रतिकाराची राष्ट्रीय परिषद गुप्तपणे भरली. तिच्यात पक्षांच्या शेजारी बंदी घातलेल्या कामगार संघटनाही बसल्या. या परिषदेने १९४४ च्या मार्चमध्ये जो कार्यक्रम आखला, त्यातूनच पुढे खाणींचे राष्ट्रीयीकरण आणि १९४५ ची सामाजिक सुरक्षा योजना आली. आजारी पडलेल्या फ्रेंच कामगाराला आज जो आधार मिळतो, त्याचा पाया अशा काळात घातला गेला.

आणि डंकर्क? पॅरिस २५ ऑगस्ट १९४४ रोजी मुक्त झाले. डंकर्कला मात्र मित्रसैन्याने वेढा घालून तसेच बाजूला ठेवले. ऑक्टोबरच्या आरंभी तात्पुरती लढाई थांबवून बहुतेक नागरिकांना बाहेर काढले गेले. अखेरीस ९ मे १९४५ रोजी, म्हणजे जर्मनीने शरणागती दिल्यावर, तेथील जर्मन तुकडीने चेकोस्लोव्हाक सेनापती लिश्का याच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. जगाने ज्या गावाचे नाव सुटकेसाठी लक्षात ठेवले, त्या गावाची सुटका फ्रान्समध्ये जवळजवळ सर्वांत शेवटी झाली. सैन्याचे डंकर्क नऊ दिवसांचे होते. गावाचे डंकर्क पाच वर्षांचे.

त्या कोळशाच्या पट्ट्यातील शेवटची खाणही १९९० साली बंद झाली. खाणीबाहेर टाकलेल्या दगडामातीचे काळे डोंगर तेवढे उभे आहेत. इतिहास वाचताना जहाजे किती आली हे जरूर मोजावे. त्या मोजणीत पुष्कळांचे शौर्य आहे. पण जहाज सुटल्यावर धक्क्याकडे पाठ करू नये. तेथे उभ्या असलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचे असते, आणि कोणासाठी जायचे हे त्यांनाच ठरवावे लागते.